ऑर्सन वेल्स स्मृतिदिन: सिनेमाआधी पंधरा मिनिटांची जादू कशी बसवावी?

चौथी_भिंत

१० ऑक्टोबर हा अमेरिकी दिग्दर्शक-नट ऑर्सन वेल्सचा स्मृतिदिन. आमच्या फिल्म क्लबात त्या संध्याकाळी त्याचा ‘एफ फॉर फेक’ दाखवायचं ठरलंय. ‘सिटिझन केन’ बहुतेकांनी पाहिलेला असतो, पण हा माणूस शेवटपर्यंत जादूच्या नादात होता हे फारसं कुणाला माहीत नसतं. म्हणून सिनेमाआधी भाषणाऐवजी पंधरा मिनिटं जादूच करावी असा विचार आहे.

परिस्थिती अशी: १२० खुर्च्यांचा हॉल, १८ बाय १२ फुटांचा आणि अडीच फूट उंच मंच, विंगा नाहीत, मागे सिनेमाचा पांढरा पडदा. सादर करणारा मुलगा नाटकातला, आवाज आणि वावर उत्तम. जादूचा अनुभव शून्य. हातात सहा आठवडे आणि दोन हजार रुपये.

वेल्स नेमके कोणते प्रयोग करायचा? बाईचे दोन तुकडे करण्याचा त्याचा प्रयोग गाजला होता म्हणतात, तो जमेल का? नसेल तर नवशिक्याला काय झेपेल? कृपया नुसतं ‘सराव करा’ असं सांगू नका, पायऱ्या सांगा.

---

जुनी_रिळं

आधी निवेदनासाठी मसाला देतो, प्रयोगांचं जाणकार सांगतीलच.

सगळ्यात मोठं प्रकरण म्हणजे त्याचा जादूचा कार्यक्रम, ‘मर्क्युरी वंडर शो’. ३ ऑगस्ट १९४३ला हॉलिवूडमध्ये कहुएंगा बुलेव्हार्डवर तंबू ठोकून सुरू झाला. युद्धाचे दिवस, सैनिकांना प्रवेश फुकट, बाकीच्यांना तिकीट. निर्मिती वेल्स आणि जोसेफ कॉटन यांची, सोबत अ‍ॅग्नेस मूरहेड. म्हणजे ‘केन’मधलीच मंडळी तंबूत येऊन जादू करत होती. करवतीखाली झोपणार होती सिनेनटी रिटा हेवर्थ. पण कोलंबिया स्टुडिओच्या हॅरी कोनने तिला काम करू दिलं नाही आणि तिची जागा दुसरी नटी मार्लीन डीट्रिचने घेतली. (हेवर्थने त्याच सप्टेंबरात वेल्सशी लग्न केलं, तिथे मात्र कोनचं काही चाललं नाही.) त्या प्रयोगाची झलक ‘फॉलो द बॉइज’ या १९४४च्या सिनेमात आहे. डीट्रिचचा कमरेखालचा भाग उठून चालायला लागतो.

बाकी धागे थोडक्यात: १९४९च्या ‘ब्लॅक मॅजिक’ या सिनेमात तो कॅग्लिओस्ट्रो हा अठराव्या शतकातला भोंदू जादूगार झाला. १९५६मध्ये लास वेगासच्या रिव्हिएरा हॉटेलात त्याने शेक्सपिअर आणि जादू एकाच कार्यक्रमात केलं. त्याच वर्षी ‘आय लव्ह ल्यूसी’ या विनोदी टीव्ही मालिकेच्या एका भागात ल्यूसीला वाटतं आपल्याला त्याच्याबरोबर शेक्सपिअर करायला मिळणार, आणि प्रत्यक्षात ती केरसुणीच्या आधाराने हवेत अधांतरी लटकते. १९६७च्या ‘कॅसिनो रॉयाल’मध्ये खलनायक ल शीफ्र जुगाराच्या टेबलावर जादू दाखवतो, तो वेल्सचाच हट्ट. शेवटच्या दशकात तो स्वतःच्या जादूचा एक सिनेमा तुकड्यातुकड्यांत चित्रित करत राहिला. तो पुरा झाला नाही. आणि मृत्यूच्या काही तास आधी मर्व्ह ग्रिफिनच्या टीव्हीवरच्या गप्पांच्या कार्यक्रमात आला तेव्हाही हातात पत्ते होतेच.

एक सावधगिरी. ‘मला लहानपणी हुडिनीने (तो प्रसिद्ध जादूगार) जादू शिकवली’ असं वेल्स सांगायचा. निवेदनात वापरा, पण ‘वेल्स सांगायचा’ एवढंच म्हणा. आपल्याच गोष्टींना मीठमसाला लावण्यात हा माणूस पटाईत होता.

तुमच्या कामाचा भाग मात्र ‘एफ फॉर फेक’च्या पहिल्याच मिनिटांत आहे: रेल्वे स्टेशन, काळा झगा, काळी हॅट, समोर एक लहान मुलगा. त्याच्याकडून घेतलेल्या किल्लीचं नाणं होतं आणि किल्ली त्याच्याच खिशात निघते. मंचावर हाच प्रयोग करून दिवे मालवले आणि सिनेमा सुरू केला, तर प्रेक्षक सुरुवातीलाच ताठ बसतील.

---

किलवरचा_गुलाम

करवतीचा विषय आधी संपवू. नाही. हा प्रयोग पी. टी. सेल्बिट या जादूगाराने १७ जानेवारी १९२१ला लंडनच्या फिन्सबरी पार्क एम्पायरमध्ये लोकांपुढे आणला, आणि तेव्हापासून त्याचा जीव सुतारकामात आहे. पेटी अर्ध्या इंचाने चुकली तर सगळं उघडं पडतं. तुमच्याकडे विंगा नाहीत, म्हणजे पेटी आधीपासून सगळ्यांसमोर उभी. आत झोपणाऱ्या मुलीला काही महिने सराव लागतो, आणि दोन हजारांत नुसतं प्लायवूडही येणार नाही. ल्यूसीच्या केरसुणीचंही तेच; तिथे लोखंडकाम आणि माणसाचं वजन पेलण्याचा प्रश्न येतो. घरगुती वेल्डिंगवर माणूस टांगू नका.

जाता जाता: अमेरिकेत होरेस गोल्डिन या जादूगाराने करवतीच्या आपल्या पेटीचं पेटंट घेतलं, आणि पेटंट म्हणजे रहस्य सरकारदप्तरी सर्वांना खुलं. १९३३मध्ये एका सिगारेट कंपनीने ते थेट जाहिरातीत छापलं. गोल्डिन कोर्टात गेला आणि हरला.

आता किल्लीचं नाणं. वेल्सजवळ कॅमेरा होता, हवं तिथे कापायची सोय होती. मंचावर कुणाची तरी किल्ली मागितली की किल्ल्यांचा जुडगा येतो, त्यातून एक काढायला अर्धा मिनिट जातो, आणि गाडीच्या किल्लीचं प्लॅस्टिकचं डोकं मुठीत मावत नाही. म्हणून किल्ली आपली, कुलूपही आपलं.

सामान: दाबून बंद होणारं लहान कुलूप. काही कुलपं बंद करायलाही किल्ली लागते, ती नकोत. अशा कुलपाबरोबर दोन-तीन किल्ल्या मिळतात, म्हणजे जोडकिल्ली आयतीच मिळाली. दोन्हींनी कुलूप उघडतं ना, हे दुकानातच पाहा. किल्लीची लांबी चार सेंटिमीटरच्या आत हवी. दोन्ही किल्ल्या आठवडाभर खिशात वागवा, म्हणजे चमक सारखी होईल. नाणं दहा रुपयांचं: २७ मिलिमीटर व्यासाचं, हातात भरणारं, दोन रंगांचं असल्यामुळे पितळी किंवा पांढऱ्या किल्लीपेक्षा लगेच वेगळं दिसणारं. एक जाड लिफाफा. दुसरी किल्ली पुठ्ठ्याच्या दोन तुकड्यांमध्ये चिकटपट्टीने पक्की करून लिफाफ्यात घालायची. सुटी ठेवलीत तर खुळखुळते आणि पुढचा सगळा खेळ वाया.

क्रम: प्रेक्षकातल्या एकाला वर बोलवा. लिफाफा त्याच्या शर्टाच्या खिशात द्या: “कार्यक्रम संपेपर्यंत सांभाळा.” यावर जास्त बोलू नका. मग कुलूप आणि किल्ली त्याच्या हातात. उघडू दे, दाबून बंद करू दे, ओढून पाहू दे. कुलूप त्याच्याकडेच राहील, किल्ली तेवढी परत घ्या.

तो कुलूप ओढून पाहत असताना तुमचा उजवा हात खिशातून नाणं घेऊन बाहेर आलेला असतो. नाणं मधल्या आणि करंगळीशेजारच्या बोटाच्या मुळाशी, बोटं सैल वाकलेली. तळव्याच्या स्नायूंनी नाणं धरण्याची पद्धत आहे, तिच्या वाटेला जाऊ नका. सहा आठवड्यांत हात लाकडी दिसायचा थांबत नाही. बोटांत नाणं नुसतं विसावतं, पकडावं लागत नाही.

किल्ली त्याच हाताच्या अंगठा आणि तर्जनीच्या टोकांवर धरून दाखवा. मग ती डाव्या तळव्यावर टाकल्यासारखी करायची. प्रत्यक्षात बोटं किंचित उघडतात, नाणं डाव्या हातात पडतं आणि अंगठा किल्लीला मागे, वाकलेल्या बोटांकडे ओढून घेतो. डावी मूठ लगेच मिटते. उजवा हात शांतपणे खाली.

लगेच मूठ उघडू नका. तीन-चार सेकंद बोला, मग उघडा. नाणं त्याच्या हातावर ठेवा. लोक नाण्याकडे पाहतात तोवर उजवा हात खिशात जाऊन रुमाल घेऊन येतो आणि किल्ली तिथेच राहते. खिशाच्या तळाशी कागदाचा बोळा घाला, म्हणजे खिशाचं तोंड उघडं राहतं आणि हात अडत नाही. शेवटी लिफाफा फाडायला सांगा. आतल्या किल्लीने कुलूप तो स्वतः उघडेल.

कुठे चुकतं:

आवाज. किल्ली नाण्यावर टिचली की संपलं. किल्ली टोकांवर राहिली पाहिजे आणि नाणं सुटल्यावरच आत ओढली गेली पाहिजे. क्रम उलटा झाला की टिचते.

नजर. नवशिक्या हटकून उजव्या हाताकडे पाहतो, कारण चोरी तिथे आहे. नजर किल्लीबरोबर डाव्या मुठीकडे गेली पाहिजे, जणू ती खरंच तिथे आहे.

गती. आधी वीस वेळा किल्ली *खरोखर* डाव्या हातात टाका आणि मोबाइलवर चित्रित करा. मग खोटी टाका. दोन्ही चित्रफिती शेजारी ठेवून पाहा. खोटी हालचाल जवळजवळ नेहमी जास्त जलद आणि जास्त मोठी निघते. आरशात सराव करू नका. आरशापुढे आपण नकळत नेमक्या क्षणी डोळे मिचकावतो आणि चूक दिसतच नाही.

कोन. सादर करणाऱ्याने अंग थोडं डावीकडे वळवावं, म्हणजे उजव्या हाताची पाठ लोकांकडे येते. त्याच्या डाव्या बाजूच्या अगदी टोकाच्या खुर्च्यांना मात्र तळवा दिसू शकतो. त्या खुर्च्या रिकाम्या ठेवा. वर आलेला प्रेक्षक तुमच्या डाव्या हाताला उभा असेल, तोही एक पाऊल पुढे, लोकांकडे अर्धा वळलेला हवा.

---

शंकेखोर

पद्धत पटली. पण सत्तावीस मिलिमीटरचं नाणं बाराव्या रांगेतून कुणाला दिसणार? शिवाय एवढ्याने चार-पाच मिनिटं होतील. उरलेल्या वेळाचं काय? वेल्सच्या शेवटच्या मुलाखतीत पत्ते होते म्हणता, तर पत्त्यांचं काही असावं. हातचलाखीचा आणखी बोजा मात्र त्या मुलावर नको.

---

किलवरचा_गुलाम

पत्त्यांचा असा प्रयोग आहे ज्यात चलाखी शून्य, गणित पक्कं. जादूवाल्यांना तो जुना आहे. प्रेक्षकाला पत्ते *खरोखर* पिसू द्यायचे, म्हणून भारी वाटतो.

१. कॅट प्रेक्षकाकडे द्या, मनसोक्त पिसू दे. (आपल्याकडे घरोघरी पानं वरून ओढून जशी पिसतात, त्याला पाश्चात्त्य जादूची पुस्तकं ‘हिंदू शफल’ म्हणतात. निवेदनात हमखास हशा मिळेल.)

२. कॅट परत घ्या, “जोकर राहिला नाही ना?” म्हणत पानं स्वतःकडे तोंड करून पसरा. वरून दहावं पान कोणतं ते लक्षात ठेवा. एकेक मोजू नका, डोळे अडखळतात. तीन-तीन-तीन-एक असे गट पाडा. त्यासाठी एक जोकर मुद्दाम कॅटमध्ये ठेवून तो काढून टाका, म्हणजे पाहण्याला कारण मिळतं. जोकर पहिल्या दहांत निघाला तर तो काढल्यावर पुन्हा मोजा. इथेच निम्मे लोक फसतात.

३. मोठ्या पुठ्ठ्यावर ते पान मार्करने काढा, पुठ्ठा पालथा करून दुसऱ्या प्रेक्षकाच्या मांडीवर द्या. कॅट पालथा टेबलावर.

४. “दहा ते एकोणीसमधला एक आकडा सांगा.” समजा सोळा. पहिला प्रेक्षक वरून सोळा पानं एकेक करून, एकावर एक, पालथी मोजतो.

५. “सोळातले एक आणि सहा, किती? सात.” त्याच नव्या गठ्ठ्यावरून सात पानं मोजायची. *सातवं* पान म्हणजे तुमचं दहावं. आकडा कोणताही घ्या, दहा ते एकोणीसमध्ये असेल तर उत्तर तेच.

का? पानं मोजताना क्रम उलटतो. सोळा मोजली तर वर सोळावं येतं; त्यावरून सात उचलली की सोळा, पंधरा, चौदा असं उतरत सातवं येतं ते दहावंच. तेराला चार उचलायची: तेरा, बारा, अकरा, दहा. वीसला मात्र हे मोडतं, दोन उचलल्यावर एकोणिसावं पान हातात येतं. म्हणून ‘दहा ते वीस’ असं चुकूनही म्हणू नका.

चुका तीनच. प्रेक्षक दोन पानं चिकटून एक म्हणून मोजतो: नवा कॅट आदल्या दिवशी थोडा खेळून मोकळा करा, आणि मोजणी सगळ्या हॉलकडून मोठ्याने करून घ्या. दुसरी, तो गठ्ठ्यात न मोजता पानं शेजारीशेजारी मांडतो: पहिली दोन पानं तुम्ही मोजून दाखवा. तिसरी, सातवं उचलायचं सोडून उरलेल्यातलं वरचं उलटतो: “शेवटचं मोजलेलं पान हातातच ठेवा” हे वाक्य पाठ करून ठेवा.

पुठ्ठ्यावर शब्द लिहू नका. ‘बदाम सात’ असेल तर एक मोठा लाल बदाम आणि ७. शेवटच्या रांगेसाठी दहा फुटांमागे एक इंच उंची असा ढोबळ हिशेब धरा. पन्नास फूट असतील तर आकडा पाच इंचांचा. चित्रपान आलं तर राजा-राणी काढत बसू नका. ‘रा’ लिहिलंत तर दोन्हींपैकी कोण ते कळणार नाही, इंग्रजी के किंवा क्यूच काढा.

---

पडदावाला

दिवे-आवाजाचं सांगतो, कारण अशा कार्यक्रमांची वाट तिथेच लागते.

माइक हातात नको. दोन्ही हात कामात असतात. कॉलर माइक लावला तर काळा झगा त्यावर घासून खरखर होते. झगा आणि हॅट फक्त प्रवेशाला ठेवा. दोन वाक्यं झाली की दोन्ही काढून खुर्चीवर टाका. बाह्या मनगटापर्यंत दुमडल्या की लोकांचाही संशय कमी होतो.

दिवा समोरून, डोक्याच्या वर साधारण पंचेचाळीस अंशांतून. फक्त वरून असेल तर चेहरा काळा पडतो, आणि आवाजाच्या जोरावर उभ्या राहणाऱ्या नटाला ते मारक. एकदम कडक पांढरा दिवा टाळा. बोटांच्या फटीतून नाणं चमकतं. मंद पिवळसर चालेल.

शंकेखोर यांच्या बाराव्या रांगेबद्दल: प्रोजेक्टर तसाही लावलेला आहे. तिवईवर मोबाइल, सादर करणाऱ्याच्या *समोर*, छातीच्या उंचीवर. बाजूने कधीच नाही. पण किल्ली बदलते त्या क्षणी चित्र दाखवू नका. वायरलेस जोडणीत पडद्यावरचं चित्र थोडं मागे राहतं, म्हणजे चूक झालीच तर ती लोक दोनदा पाहतील. कुलूप तपासताना दाखवा, मग पडदा काळा करा, मूठ उघडल्यावर नाणं तेवढं मोठं दाखवा. पत्त्यांच्या वेळी टेबलावरची मोजणी दाखवायला हरकत नाही, तिथे लपवण्यासारखं काहीच नाही.

---

चौथी_भिंत

भरपूर मिळालं, आभार. दोन शंका उरल्या. क्रम काय ठेवावा? आणि मुलाला वेल्सच्या त्या खर्जातल्या आवाजाची नक्कल करायची फार हौस आहे. करू द्यावी का?

---

जुनी_रिळं

नक्कल नको. मराठीत तो आवाज काढला की विनोदी कार्यक्रम होतो. त्याच्याकडून उचलायचं ते संथपण आणि प्रश्न विचारण्याची पद्धत. रॉबेर-उदँ या फ्रेंच जादूगाराचं म्हणणं होतं की जादूगार म्हणजे जादूगाराची भूमिका करणारा नट; वेल्स ‘एफ फॉर फेक’मध्येच हे सांगतो. तुमचा मुलगा आधीच नट आहे, म्हणजे अर्धी शिकवणी झालेली आहे.

---

किलवरचा_गुलाम

त्यात एक तांत्रिक भर. गुप्त हालचाल कधी करायची, तर प्रेक्षक *उत्तर देत असताना*. “ही किल्ली तुमची आहे का? नाही? मग माझी आहे हे कशावरून?” माणूस उत्तर शोधायला लागला की तुमच्या चेहऱ्याकडे पाहतो, आणि त्याच्याबरोबर हॉलही. ‘नीट बघा’ म्हणत हालचाल केली तर लोक खरंच नीट बघतात.

क्रम असा: प्रवेश आणि वंडर शोची ओळख दोन मिनिटं. लिफाफा आणि कुलूप तपासणं, मग किल्लीचं नाणं, पण *लिफाफा उघडायचा नाही*. किल्ली गेली ती गेलीच असं दाखवून त्या माणसाला बंद कुलपासकट पहिल्या रांगेत बसवा. मग पत्ते, सहा मिनिटं. पुठ्ठा उलटला, टाळ्या पडल्या, की निघता निघता थांबून “तुमचं कुलूप राहिलंच,” म्हणा. लिफाफा तेव्हा उघडा. मधे पत्त्यांचा प्रयोग गेल्यामुळे लिफाफा आधीपासून खिशात होता की नंतर आला, हे लोकांना धड आठवत नाही.

लिफाफा त्याने बसल्या बसल्या चाचपू नये म्हणून शेजारी तुमचाच एक माणूस बसवा. आणि कार्यक्रमाच्या आधी तासभर ती दुसरी किल्ली कुलपात पुन्हा एकदा फिरवून बघा. नवी कुलपं कधी कधी पहिल्या किल्लीने सरावतात आणि दुसरीला अडतात. पेन्सिलीच्या शिशाची पूड चिमूटभर टाकली की मोकळं होतं. तेल नको, बोटं घसरतील.